पाण्याचं काम झालं, तरी गाडी तापते

मार्च सरला की पिंपळनेरला आमच्या गॅरेजात एकाच तक्रारीच्या गाड्या लागतात. उन्हाळी कांदा निघालेला असतो, भरलेल्या पिकअप शेलबारी घाट चढून ताहाराबाद-सटाण्याकडे निघालेल्या असतात, लग्नसराई ऐन भरात असते आणि धुळ्या-जळगावचा पारा ४३-४४ अंशांना टेकलेला असतो. गाडीवाला उतरतो, बॉनेट वर करतो आणि म्हणतो, "दादा, नवं रेडिएटर टाकं, तरी गाडी तपस." कोणी वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) बदललेली असते, कोणी होज पाइप, कोणी नुसतं कूलंट. कामाआधी गाडी घाटात तेवढी तापायची, आता साक्रीपर्यंतही धड जात नाही. पैसे गेलेले असतात आणि सल्ले देणारे वाटेत भेटलेले असतात: हेड उतरवा, इंजिन बांधा, नाहीतर गाडीच विका.

या कामात उभी हयात गेली, त्यावरून सांगतो. पाण्याचं काम झाल्याबरोबर जी गाडी तापायला लागते, तिचा दोष बहुतेक वेळा त्या कामातच किंवा त्याच्या हातभर अंतरात असतो. आणखी पार्ट आणण्याआधी झालेलं काम पुन्हा एकदा शांतपणे तपासायचं. ज्याला पैसा लागत नाही ते आधी, खर्चाचं शेवटी. हा क्रम पाळला असता तर कितीतरी लोकांचे हजारो रुपये खिशातच राहिले असते, म्हणून हे लिहायला बसलो.

१. गाडी कुठे तापते ते आधी विचारा

बॉनेट उघडण्याआधी मी गाडीवाल्याला बसवतो आणि विचारतो: उभी असताना तापते, की चालताना? बाजारात गर्दीत काटा चढतो आणि हमरस्त्याला लागल्यावर उतरतो, तर संशय पंख्यावर. गाडी पळायला लागली की हवा आपोआप रेडिएटरमधून जाते, उभ्या गाडीला ती हवा पंख्यानेच द्यावी लागते. उलट, गावात ठीक चालते पण शेलबारीचा चढ लागला की तापते, तर पंखा बहुधा शाबूत आहे. मग पाणी पुरेसं फिरत नाही, किंवा रेडिएटर उष्णता टाकत नाही, किंवा हेडमधून गॅस पाण्यात शिरतो. आणि सुरू केल्यापासून दहा मिनिटांत उभ्या-उभ्या काटा वर, मध्येच खाली, पुन्हा वर असा नाचतो, तर आत हवा राहिलेली आहे हे मी झाकण न उघडता सांगतो.

दुसरा प्रश्न: काम करताना काय काय उघडलं? गाडीवाल्याला पार्टाचं नाव माहीत नसलं तरी बिल असतं, जुना पार्ट डिकीत असतो. जुना पार्ट जरूर मागून घ्यायचा. काढलेल्या थर्मोस्टॅटवर किंवा वॉटर बॉडीच्या पात्यांवर आधीची सगळी हकिकत दिसते.

२. निघालं किती आणि गेलं किती, हे मोजा

लहान गाडीच्या पूर्ण यंत्रणेत साधारण चार-पाच लिटर पाणी मावतं. गाडीच्या पुस्तकात नेमका आकडा दिलेला असतो. खालचा बोल्ट उघडून निघालेलं कूलंट मापाच्या कॅनमध्ये घ्यायचं. पाच लिटर निघालं आणि भरताना साडेतीनमध्येच तोंड भरलं, तर उरलेल्या दीड लिटरच्या जागी हवा बसली आहे. यात दुसरा काही अर्थ नाही. वरून भरलेलं दिसतं म्हणून झाकण लावून गाडी पाठवली जाते आणि तिथूनच पुढचा सगळा त्रास सुरू होतो.

३. हवा काढायला वेळ द्यावाच लागतो

यावर मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांत सगळ्यात जास्त याच कारणाच्या असतात.

डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरली की गाडी बंद पडते, म्हणून ती काढण्याचं महत्त्व सगळ्यांना कळतं. पाण्यातली हवा गाडी बंद पाडत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पण इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा पाण्याला वाहून न्यायचा असतो. हवेचा फुगा हेडमध्ये वर जाऊन बसला की तेवढ्या जागेला पाणी लागत नाही, तिथला धातू पेटल्यासारखा तापतो, शेजारच्या पाण्याची वाफ होते आणि फुगा आणखी वाढतो. वॉटर बॉडीच्या तोंडाशी हवा आली तर तिची पाती नुसती फिरतात, पाणी पुढे ढकलत नाहीत. आणि तापमानाचा सेन्सर फुग्यात सापडला तर त्याला खरं तापमान कळतच नाही. इंजिन उकळत असतं आणि पंखा गप्प.

माझी पद्धत अशी. गाडी पूर्ण थंड होऊ देतो. तोंड चढाकडे करून लावतो. शेडसमोरचा रस्त्याचा उतार त्यासाठी चांगला आहे. हवा वरच जाणार, म्हणून भरायचं तोंड सगळ्यात उंच हवं. हीटरची कळ पूर्ण लाल बाजूला फिरवतो, कारण हीटरच्या छोट्या जाळीतही पाणी फिरतं आणि कळ बंद असली तर काही गाड्यांत तिथली हवा कोंडूनच राहते. खानदेशात हीटर कोणी लावत नाही, त्यामुळे ही पायरी हमखास सुटते. काही गाड्यांना वरच्या पाइपवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरावर हवा काढायचा स्क्रू असतो, तो दोन आटे सैल करतो.

मग कूलंट बारीक धारेने ओतायचं. बदाबदा ओतलं की पाणी वरून तोंड बुजवतं आणि हवा खाली अडकते. एका हाताने धार, दुसऱ्या हाताने वरचा होज पाइप दाबायचा आणि सोडायचा. दर दाबाला तोंडाशी बारीक बुडबुडे येतात आणि पातळी बोटभर खाली जाते. स्क्रूतून आधी फुसफुस, मग फेस, मग अखंड धार येते. ती आली की स्क्रू बंद.

आता झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू करायचं, रेस द्यायची नाही. वरचा पाइप हळूहळू गरम होतो, खालचा थंडच राहतो. थर्मोस्टॅट उघडतो तो क्षण बघण्यासारखा असतो: तोंडातली पातळी एकदम ढासळते, खालून एखादा मोठा बुडबुडा येऊन फुटतो आणि हाताखालचा खालचा पाइप ऊन व्हायला लागतो. लगेच भरायचं. पाणी वर उसळून येऊ लागलं तर इंजिन बंद करून मागे सरायचं, तोंडावर वाकून पाहायचं नाही. पंखा आपोआप लागून बंद झाला, पुन्हा लागून बंद झाला आणि हीटरमधून कढत हवा आली, म्हणजे पाणी सगळीकडे पोचलं. झाकण लावून सामोड्यापर्यंत एक चक्कर, आणि मग गाडी रात्रभर थंड. सकाळी झाकण उघडलं की पातळी थोडी उतरलेली दिसते. ती भरून मगच गाडी द्यायची.

ज्या गाड्यांना रेडिएटरवर झाकणच नाही, दाबाचं झाकण कूलंटच्या बाटलीवर आहे, तिथे हीच कृती बाटलीच्या तोंडाने करायची.

गिऱ्हाईक घाईत असतं, "दादा, चार वाजता वऱ्हाड निघतंय" म्हणतं. मी गाडी देत नाही. दुसरी गाडी करून द्यायला मदत करतो, पण हवा काढल्याशिवाय गाडी घाटात पाठवायची नाही, हे आमच्याकडे कामाला असलेल्या पोरांनाही ठाऊक आहे.

४. पंखा फिरतो एवढं पुरेसं नाही

रेडिएटर उतरवायला पंखा काढावा लागतो, आणि तो परत बसवताना चुका राहतात. कधी वायरीचा कपलर नुसता टेकवलेला असतो. कधी कपलर तुटला म्हणून वायरी थेट पिळल्या जातात आणि उलट्या जोडल्या जातात, मग मोटर उलटी फिरते. पंखा फिरताना दिसतो, आवाज येतो, आणि गाडी तापते. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर वहीचा कागद फाडून रेडिएटरच्या पुढच्या जाळीजवळ धरायचा. तो जाळीला चिकटला पाहिजे. लांब उडाला तर पंखा हवा ओढण्याऐवजी उलटी ढकलतोय.

एसी असलेल्या बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा लागतो. एसीवर लागतो पण गरम झाल्यावर आपणहून लागत नाही, तर मोटर बरी आहे; सेन्सर, त्याची वायर किंवा पुन्हा तीच आत राहिलेली हवा बघायची.

पिकअपसारख्या गाड्यांत इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा असतो आणि त्याच्या मधोमध तेल भरलेला क्लच असतो. इंजिन तापवून बंद करायचं आणि पंखा हाताने फिरवायचा. जड लागला तर ठीक. भिंगरीसारखा मोकळा फिरला तर क्लच गेला.

आणि पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कवच. "ते बसत नव्हतं म्हणून काढून ठेवलं," असं मला अनेकांनी सांगितलंय. त्या कवचामुळे पंखा पूर्ण रेडिएटरमधून हवा ओढतो. ते नसलं तर पंखा आजूबाजूची इंजिनाचीच गरम हवा घुसळत बसतो. कवच शोधून आणा आणि लावा.

५. झाकण हा पार्ट आहे

रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच, असं समजून कुठलंही झाकण कुठल्याही गाडीला बसवलं जातं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. आतला दाब तेवढा होईपर्यंत झाकण पाणी धरून ठेवतं. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं, ०.९ बारच्या दाबाखाली तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर चिरलं किंवा स्प्रिंग ढिली झाली की ही सगळी सवलत गेली, आणि घाटात पाणी उकळून बाहेर. रेडिएटर नवा आणि झाकण जुनं, अशी जोडी दिसली तर आधी झाकण बदला. आकडा पुस्तकात दिलेलाच हवा. जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुने पाइप आणि प्लास्टिकच्या टाक्या फुटतात.

६. बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

सामोड्याकडचे एक गुरुजी गाडी घेऊन आले होते. दुसरीकडे रेडिएटर, वॉटर बॉडी, थर्मोस्टॅट सगळं बदलून झालं होतं. काम झाल्यावर दोन-तीन दिवस गाडी झकास चालायची, मग तापायची. पुन्हा नेली की कोणीतरी हवा काढून द्यायचं, पुन्हा दोन-तीन दिवस ठीक. गुरुजी माणूस काटेकोर. रोज सकाळी बाटलीची पातळी बघायचे. बाटली कायम वरच्या रेघेपर्यंत.

मी रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत बोट घातलं तरी पाणी लागेना.

झालं होतं ते असं. पाणी तापलं की फुगतं, आणि झाकणातून जास्तीचं बारीक नळीने बाटलीत जातं. इंजिन थंड झालं की आत पोकळी तयार होते आणि तेच पाणी नळीतून परत ओढलं जातं. जायचं काम दाबाने होतं, यायचं काम ओढीने. त्या नळीला रेडिएटरच्या गळ्याजवळ, क्लिपच्या खाली, केसासारखी चीर होती. जाताना त्यातून दोन थेंब गळायचे, गरम धातूवर वाळून जायचे, कोणाला दिसायचेही नाहीत. पण परत ओढताना बाटलीतलं पाणी वर खेचण्यापेक्षा चिरेतून हवा ओढणं सोपं. रोज रात्री थोडी हवा आत, थोडं पाणी बाटलीत शिल्लक. तिसऱ्या दिवशी रेडिएटरचा वरचा भाग कोरडा.

वीतभर नळी बदलली, क्लिप नवी लावली, हवा काढली. त्याच गाडीने गुरुजी नंतर मांगीतुंगीला जाऊन आले.

तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो: इंजिन थंड असताना आठवड्यातून एकदा रेडिएटरचं झाकण उघडूनही बघा, नुसत्या बाटलीवर जाऊ नका. बाटली रोज भरत चालली असेल तर त्यात आनंद मानू नका, पाणी परत का जात नाही ते शोधा.

७. "खानदेशात थर्मोस्टॅट कशाला?"

हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकू येतो की याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. समजूत अशी की थर्मोस्टॅट थंड मुलखासाठी असतो, आपल्याकडे तो काढून टाकला की पाणी मोकळं फिरेल आणि गाडी गार राहील. त्यामुळे कित्येक गाड्यांत तो काढून फेकलेला सापडतो.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची गोळी असलेली झडप. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. इंजिन त्याच तापमानाला चालावं अशा हिशेबाने बांधलेलं असतं. कायम थंड चाललं तर तेल पुरतं पातळ होत नाही, इंधन जास्त जळतं, घासण वाढते. हे झालं नेहमीचं नुकसान. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला दुसरं काम असतं: गरम झाल्यावर तो रेडिएटरकडची वाट उघडतो आणि त्याच वेळी खालच्या चकतीने बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास सताड उघडा राहतो. पाणी सोप्या वाटेने इंजिनातल्या इंजिनात फिरतं, रेडिएटरकडे कमी जातं. म्हणजे गार राहावी म्हणून जे काढलं, त्यानेच चढावर गाडी तापते.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तो तपासून घ्यायचा. पातेल्यात पाणी, त्यात दोरीने टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर, खाली स्टोव्ह. बुडाला टेकू द्यायचा नाही. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो हलायला लागला पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. नव्या डब्यातलेही काही उघडत नाहीत. बसवताना मेणाची बाजू इंजिनाकडे. चकतीवर बारीक हलती खीळ असते, ती वरच्या बाजूला ठेवायची, कारण भरताना हवा त्या छिद्रातून सुटते. खीळ खाली गेली की तिसऱ्या मुद्द्यात सांगितलेली सगळी मेहनत दुप्पट होते.

८. बोअरचं पाणी आणि कूलंटचं माप

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. ज्या घरी बंबात पाणी तापतं त्यांना आतला पांढरा थर माहीत आहे. इंजिनाच्या पोटात तोच बसतो, आणि तो उष्णता सहज जाऊ देत नाही. बरं, असं इंजिन अॅसिडने धुतलं की सुटलेल्या खपल्या जाऊन नव्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतात. म्हणून फ्लश करायचा तर रेडिएटर आणि इंजिन वेगळे करून, आणि इंजिन आधी. जुन्या पितळी रेडिएटरला टाक्या खोलून सळई मारता येते. अॅल्युमिनियमच्या, प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला ते जमत नाही. तो बुजला की बदलावाच लागतो, म्हणून त्यात खपल्या जाऊच देऊ नका.

पाणी डिस्टिल्ड घ्या. बॅटरीसाठी मिळतं तेच. आणि कूलंटचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं पाळा. तयार मिसळलेलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, अर्क असेल तर निम्मं किंवा सांगितलं असेल तेवढं पाणी घालायचंच. "नुसतं कूलंट भरलं, पाणी थेंबभर नाही," असं अभिमानाने सांगणारे भेटतात आणि त्यांचीच गाडी तापत असते. उष्णता वाहून नेण्यात पाण्याला तोड नाही. नुसतं ग्लायकॉल वजनाला वजन पाण्याच्या निम्म्याहून थोडी जास्त एवढीच उष्णता धरतं. ते उकळबिंदू वाढवतं, त्यातली द्रव्यं गंज रोखतात, पण ओझं पाणीच वाहतं.

हिरवं आणि गुलाबी एकत्र करू नका. रंगावरून जात ओळखता येत नाही, कारण रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. डब्यावरचा प्रकार वाचा. न जुळणारी दोन मिसळली तर साका तयार होऊ शकतो, आणि तो बरोबर सगळ्यात बारीक नळीत बसतो.

९. हळद आणि पुडी

रस्त्यात रेडिएटर गळला तर हळद टाकून गाव गाठणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. रात्री चरणमाळ घाटात दुसरा उपाय नसेल तर समजू शकतो. पण गावात आल्यावर ती हळद सांगायची असते. सांगितलं नाही तर मेकॅनिक फक्त गळती काढतो, आणि हळदीचा गाळ हीटरच्या जाळीत आणि रेडिएटरच्या तळाच्या नळ्यांत तसाच राहतो. बाजारातल्या गळती बंद करणाऱ्या पुडीचंही तेच.

१०. बाहेरची माती

रेडिएटर आतून नवा, पण त्याच्यापुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि दोघांच्या मधल्या फटीत उसाचं पाचट, कापसाची रुई, किडे, धूळ यांची गादी बसलेली असते. रेडिएटर बदलताना ती काढली नाही तर नव्या रेडिएटरलाही हवा मिळत नाही. १९०१ च्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीसाठी विल्हेल्म मायबाखने आठ हजारांवर बारीक चौकोनी नळ्या जोडून मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला आणि मागे पंखा बसवला. थोडक्या पाण्यात मोठं इंजिन गार राहू लागलं ते हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढल्यामुळे. आजच्या पत्र्यांच्या जाळीमागे विचार तोच आहे. मातीने ती जाळी लिंपली की सगळं फुकट. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारायचं, धार मऊ ठेवायची. सर्व्हिसिंगच्या जोरदार पंपाने पत्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

११. पट्टा, पाती आणि टायमिंग

वॉटर बॉडी बदलली असेल तर पट्टा पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे चढलाय का बघा. लांब पट्टा एखाद्या पुलीच्या चुकीच्या बाजूने घातला तर पंप उलटा फिरतो. काही इंजिनांत वॉटर बॉडी टायमिंग बेल्टवर असते. तिथे काम करताना टायमिंग एक दाता सरकलं तरी इंजिन जास्त तापतं आणि ओढही कमी होते. गाडी तापते आणि शिवाय मरगळलीय, असं गिऱ्हाईक म्हणालं की मी खुणा जुळवून बघतो.

१२. हेडचं नाव शेवटी, पण घ्यावं लागलं तर चोख तपासून

वरचं सगळं ठीक निघालं, हवा काढली तरी बुडबुडे संपत नाहीत, तर मात्र हेड. इथे क्रम उलटा असतो: पाण्याच्या कामाने हेड गेलेलं नसतं. आधी गाडी तापवून चालवली, हेड वाकलं, पॅकिंग उडालं, आणि त्यामुळे पाणी कमी होतं म्हणून रेडिएटर बदलला गेला. एका पिकअपवाल्याने नवापूरहून चरणमाळ चढताना काटा लाल होऊनही गाडी ओढत आणली होती. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. बिडाच्या ब्लॉकवर बोल्टांनी आवळलेलं अॅल्युमिनियमचं हेड असं ताणलं की थंड झाल्यावर सरळ राहत नाही.

खुणा या: थंड इंजिन सुरू केल्याबरोबर, पाणी तापायच्या आत, वरचा पाइप दगडासारखा कडक होतो. तोंडाशी एका लयीत बुडबुडे येतच राहतात. गळती कुठे दिसत नाही तरी पाणी संपतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय. खात्रीसाठी निळ्या द्रवाची नळी मिळते. रेडिएटरच्या तोंडावर धरली आणि निळ्याचं पिवळं झालं, तर सिलिंडरचा जळका गॅस पाण्यात येतोय. यानंतरच हेड उतरवायचं. उतरवल्यावर नुसतं पॅकिंग बदलून बसवायचं नाही. सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून खाली फीलर घालायचा. कित्येक लहान इंजिनांच्या पुस्तकांत ०.०५ मिलिमीटर ही मर्यादा दिलेली असते, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी. त्यापुढे गेलं तर फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करायचं, आणि बोल्ट टॉर्क पान्याने, मधून बाहेर, सांगितलेल्या क्रमाने.

१३. घाटात काटा चढला तर

विसरवाडीकडून कोंडाईबारी चढताना काटा नेहमीपेक्षा वर सरकला, तर एसी बंद, हीटर पूर्ण, खालचा गिअर. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. उन्हाळ्यात त्रास होतो, पण इंजिन वाचतं. जागा मिळाली की बाजूला घ्या. काटा लाल नसेल, वाफ नसेल, तर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा, पाणी फिरत राहू द्या. लाल झाला किंवा वाफ आली तर लगेच बंद.

झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं १०० अंशांवरचं पाणी झाकण सैल होताक्षणी वाफेसकट अंगावर येतं. तोंड आणि हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यात तरणी पोरं होती. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा पाइप हाताने दाबता येतो का बघा, मग जाड कापड ठेवून पहिल्या खटक्यापर्यंतच फिरवा. तापलेल्या इंजिनावर किंवा आत थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. पाण्याचा कॅन बरोबर असू द्या. अडीअडचणीला साधं पाणी चालतं. गावात आल्यावर मात्र ते काढून मापाने भरून घ्या.

१४. निघालेलं कूलंट

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि ते विष आहे. पोटात गेलं की मूत्रपिंडात बारीक स्फटिक धरतात. गॅरेजच्या दारात सांडलेलं कुत्रं चाटतं, बाजाराला आलेली शेळी चाटते, आणि लहान मुलाला तो हिरवा-गुलाबी रंग सरबतासारखा दिसतो. आम्ही निघालेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरतो, वर लाल रंगाने विष असं लिहितो आणि कुलपात ठेवतो. सांडलं तर त्यावर कोरडी माती टाकून ती भरून घेतो, गटारीत लोटत नाही. गिऱ्हाईकाला उरलेलं कूलंट हवं असेल तर ते मूळ डब्यातच देतो. कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून मागितलं, तर नाही म्हणतो.